इंट्रोच्या पहिल्या रात्रीपासून: हॉस्टेलमधलं रॅगिंग ओळखणं, अडवणं आणि तक्रार लिहिणं

हॉस्टेलवर येऊन दोन दिवस झालेले असतात. मेसमधून जेवून मुलगा खोलीत येतो न येतो तोच कुणीतरी दार ढकलतं आणि सांगतं, ‘फर्स्ट इयरवाले सगळे साडेदहाला वरच्या मजल्यावर.’ कशाला, ते सांगत नाही. वर गेल्यावर भिंतीला लागून रांग लावतात. हात मागे, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. नाव, गाव, सीईटीचा स्कोर, कितव्या राउंडला लागला, बाप काय करतो. प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘सर’ जोडायचं. कुणी हसलंच तर त्याला पुढे बोलावतात. अर्ध्यापाऊण तासात सगळे खाली येतात आणि ‘एवढं काही नव्हतं’ म्हणून झोपतात.

ओळखीच्या नावाखालच्या या ‘इंट्रो’च्या रात्री खरंच फारसं काही घडत नाही, आणि म्हणूनच ती हातातून निसटते. कोण चटकन घाबरतं, कोण उलट बोलतं, कुणाचं घर लांब आहे, कुणाच्या ओळखीचं इथे कुणीच नाही, हे त्या अर्ध्या तासात हेरून ठेवलेलं असतं. पुढे मध्यरात्री टपरीवर कुणाला पिटाळायचं, जर्नल कुणाकडून लिहून घ्यायचं, कॉन्ट्रीच्या (वर्गणीच्या) नावाखाली पैसे कुणाकडून काढायचे, हे तिथूनच ठरत जातं. त्यामुळे जे काही करायचं ते पहिल्या तीन आठवड्यांत करायला हवं. ऑक्टोबरमध्ये लावलेल्या फ्लेक्सचा तोवर दबलेल्या मुलाला काही उपयोग नसतो.

मस्करी कुठे संपते

महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ सालचा आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती वाटेल, लाज वाटेल, संकोच वाटेल असं वागणं म्हणजे रॅगिंग, अशी त्याची व्याख्या आहे. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, अंगाशी येणारी थट्टा, मारहाण हे सगळं तिच्यात येतं. पण त्या व्याख्येतला एक तुकडा प्रत्येकाने पाठच करावा: विद्यार्थी एरवी राजीखुशीने जे करणार नाही, ते त्याला करायला सांगणं. कायद्याने ‘सांगणं’ पुरेसं धरलं आहे. त्यामुळे ‘आम्ही हात कुठे लावला?’, ‘त्याने स्वतःच गाणं म्हटलं’ ही नेहमीची उत्तरं टिकत नाहीत.

देशभरासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २००९चे विनियम आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सीनिअर्सच्या मारहाणीत गेला होता. २०१६च्या दुरुस्तीने या विनियमांत आणखी एक गोष्ट आली. जात, धर्म, वर्ण, लिंग, लैंगिक कल, दिसणं, भाषा, प्रांत, जन्मगाव, राहण्याचं ठिकाण किंवा घरची आर्थिक स्थिती यावरून कुणाला त्रास देणं, दादागिरी करणं किंवा वाळीत टाकणं हेही रॅगिंग ठरलं, आणि ते नव्या विद्यार्थ्याच्या बाबतीतच व्हायला हवं असं नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला मुलगा यात बसतो. वर्गातल्याच मुलींनी मिळून एकीला ग्रुपमधून, मेसच्या टेबलावरून, प्रॅक्टिकलच्या बॅचमधून बाजूला काढलं तर तेही बसतं.

रोजच्या वापरासाठी तीन प्रश्न पुरतात. ‘नाही’ म्हटलं तर चालतं का? ज्युनिअरने तेच सीनिअरला विचारलं तर चालेल का? आणि हेच दिवसा, रेक्टरसमोर, मेसच्या हॉलमध्ये केलं असतं का? तीनपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर ती मस्करी राहिलेली नाही.

आता स्कोरच्या प्रश्नाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तो सगळ्यांत साळसूद दिसतो. ‘किती पर्सेंटाइल? कोणत्या राउंडला? कुठल्या सीटवर?’ या क्रमाने विचारलं की तिसऱ्या प्रश्नात जात विचारून झालेली असते. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, याद्यांमध्ये प्रवर्ग छापलेला असतो. आडनावावरून अंदाज घेतात, यादीवरून खात्री करून घेतात, आणि मग ‘कोट्यातला’, ‘सरकारी जावई’ असली टोपणनावं वर्षभर चिकटतात. बोलीचंही तसंच आहे. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळणाने बोलणाऱ्याला ‘परत म्हण, परत म्हण’ करत दहा जणांसमोर तेच वाक्य बोलायला लावतात. दोन आठवड्यांत तो मुलगा वर्गात हात वर करायचा बंद होतो. शिक्षकांना वाटतं, विषय कच्चा असेल.

अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला लोकांदेखत जातीवरून हिणवलं तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो. म्हणून तक्रारीत तो शब्द जसाच्या तसा लिहावा. ‘अपशब्द वापरले’ असं मोघम लिहून प्रकरण स्वतःच्या हाताने सौम्य करू नये.

नव्याने आलेल्यांनी काय करायचं

पहिल्याच दिवशी, काही घडायच्या आधी, पाच गोष्टी फोनमध्ये आणि वहीच्या शेवटच्या पानावरही लिहून ठेवा: रेक्टरचा नंबर, अँटी रॅगिंग कमिटीतल्या एका शिक्षकाचा नंबर, जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर, राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ (चोवीस तास चालू, टोल फ्री) आणि घरच्यांपैकी जो फोन उचलून आधी शांतपणे ऐकून घेईल अशा माणसाचा नंबर. वहीत अशासाठी, की फोनच काढून घेतात.

बोलावणं आलं तर एकट्याने जाऊ नका. मजल्यावरच्या फर्स्ट इयरच्या सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवायचं की रात्री नऊनंतर कुणाच्याही खोलीत जायचं नाही, आणि भेटायचं तर मेसमध्ये, दिवसा. सगळ्यांनी एकच वाक्य बोलायचं:

‘उद्या नाश्त्याला मेसमध्ये भेटतो. रात्री येत नाही.’

एवढंच. पुढे कारण जोडू नका. ‘सबमिशन आहे’ म्हटलं की ‘दाखव सबमिशन’ येतं, ‘डोकं दुखतंय’ म्हटलं की थट्टा सुरू होते. आवाज चढवू नका, हसूही नका. तेच वाक्य तीनदा म्हणा आणि आपल्या मजल्याकडे चालायला लागा. एकाने हे म्हटलं तर तो एकटा पडतो, आठ जणांनी म्हटलं तर दुसऱ्या रात्री बोलावणं येण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणून पहिल्या संध्याकाळी आपल्या मजल्यावरची दारं ठोठावून ओळख करून घ्या. सगळ्या उपायांत हा सगळ्यांत स्वस्त आहे.

वाट अडवली, दार आतून लावलं, दारू चाललेली दिसली किंवा कपडे काढायला सांगितलं, तर मात्र वाद घालत बसायचं नाही. त्या क्षणी सुटून बाहेर येणं एवढंच काम. मोठ्याने ओरडा, गॅलरीत या, वॉचमनच्या उजेडात जा, ११२ लावा. फोन समोर धरून शूटिंग करायला जाऊ नका, फोनही जातो आणि मारही बसतो.

नोंद, आणि मग तक्रार

बऱ्याच तक्रारी एकाच कारणाने पडतात. ‘सीनिअर मुले खूप त्रास देतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही, कारण त्यात कोण, कधी, कुठे, काय यातलं काहीही नाही. चौकशीत समोरचे चौघे एकच गोष्ट सांगतात आणि तक्रारदार गोंधळतो.

म्हणून घटना घडली त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, पंधरा मिनिटं काढून लिहा. तारीख, वेळ, खोली क्रमांक. कोण होते, आणि नाव माहीत नसेल तर वर्ष, शाखा, चेहरा, कपडे, दुसऱ्यांनी मारलेली हाक. कोण काय बोललं, ते त्यांच्याच शब्दांत. तुम्हाला काय करायला लावलं. आणखी कुणी पाहिलं. मग ती नोंद स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे ती कधी लिहिली हा प्रश्न उरत नाही.

व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असे घ्या, कापू-छाटू नका. समोरचा ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायच्या आत चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर टाका. ग्रुपमधून रागाने लगेच बाहेर पडू नका, आधी हे करा. पुढे प्रकरण पोलिसांत गेलं तर मूळ फोन लागू शकतो, त्यामुळे तो फॉरमॅट करू नका, विकू नका. मार लागला असेल तर सरकारी रुग्णालयात जा आणि मारहाण झाल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे एमएलसीची (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद होते. ‘जिन्यावरून पडलो’ असं एकदा लिहिलं गेलं की ते खोडणं फार अवघड जातं.

तक्रार प्राचार्यांच्या नावाने, एका पानात. नमुना असा:

‘प्रति, मा. प्राचार्य. विषय: वसतिगृहातील रॅगिंगबाबत महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ अन्वये तक्रार. महोदय, मी प्रथम वर्ष, … शाखा, खोली क्र. … येथे राहतो. दि. … रोजी रात्री १०.४० ते ११.३० या वेळेत खोली क्र. … मध्ये तृतीय वर्षाच्या …, … व नाव माहीत नसलेल्या एकाने (उंच, चष्मा, ‘बंटी’ अशी हाक) मला व अन्य चौघांना भिंतीकडे तोंड करून उभे केले. ‘…’ असे शब्द वापरले. मला … करण्यास सांगितले. मी नकार दिल्यावर … . साक्षीदार: … . सोबत स्क्रीनशॉट ३. आरोपींपासून मला धोका वाटतो, तरी चौकशी होईपर्यंत त्यांना माझ्या मजल्यावर येण्यास मनाई करावी. अधिनियमानुसार सात दिवसांत केलेल्या चौकशीचा निष्कर्ष मला लेखी कळवावा.’

शेवटची दोन वाक्यं वगळू नका. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं, सकृतदर्शनी तथ्य आढळलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवणं, आणि तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवणं हे संस्थाप्रमुखांवर कायद्याने बंधनकारक आहे. त्यांनी दुर्लक्ष केलं तर अपराधाला साथ दिली असं धरून त्यांनाही तीच शिक्षा होऊ शकते. तक्रार पालक किंवा शिक्षकही देऊ शकतात. यूजीसीच्या विनियमांनुसार फौजदारी गुन्हा दिसत असेल तर संस्थाप्रमुखांनी माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत एफआयआर करायचा असतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवकमध्ये द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा’ असं कुणी म्हटलं तर थांबा. शिक्क्याविना सात दिवस कधीपासून मोजायचे, हे दाखवता येत नाही. अगदीच घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेल करा, आणि हेल्पलाइनवर नोंदवून तिथला तक्रार क्रमांक लिहून घ्या. हेल्पलाइनचा ईमेल पत्ता ‘हेल्पलाइन अॅट अँटीरॅगिंग डॉट इन’ असा आहे. पोलिसांकडे थेटही जाता येतं. हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा, कुठलंही ठाणं तो नोंदवू शकतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर मुलींसाठी कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीचा वेगळा मार्ग आहे, तिथे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. यूजीसीच्या नियमांनुसार मुलगे आणि पारलिंगी विद्यार्थीही तिथे जाऊ शकतात.

‘मिटवून टाका’

तक्रार दिल्यावर दोन दिवसांत हे शब्द कानावर येतातच. कधी सीनिअरचे वडील हात जोडून येतात, कधी एखादे प्राध्यापकच म्हणतात, ‘अरे, त्याचं प्लेसमेंट आहे, करिअर जाईल पोराचं.’ हा दबाव तक्रारदाराच्या चांगुलपणावर टाकलेला असतो, म्हणून तो सहन करणं कठीण जातं. उत्तर एकच द्यायचं: ‘मी जे लिहायचं ते लिहून दिलंय, आता कमिटी ठरवेल.’ कोऱ्या कागदावर सही करायची नाही. ‘गैरसमजातून तक्रार केली’ असा कागद समोर आला तर पालक येईपर्यंत हात लावायचा नाही.

कमिटीनेही दोन चुका टाळाव्यात. आरोपी आणि तक्रारदाराला एकाच खोलीत समोरासमोर बसवून ‘आता माफी माग, हात मिळव’ करणं ही पहिली. खोलीच्या बाहेर पडल्यावर त्या हात मिळवण्याची वसुली होते. दुसरी त्याहून जास्त दिसते: सुरक्षिततेच्या नावाखाली तक्रार करणाऱ्यालाच दुसऱ्या ब्लॉकला, क्वचित हॉस्टेलबाहेर हलवणं. हलवायचं तर आरोपीला हलवा. बॅग उचलून कोण चाललंय, हे अख्खं हॉस्टेल बघत असतं, आणि पुढच्या मुलाने तोंड उघडायचं की नाही हे त्यावर ठरतं.

सीनिअर्ससाठी

कायद्यातली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोष सिद्ध झाला तर संस्थेतून काढून टाकतात आणि त्या तारखेपासून पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश नाही. यूजीसीच्या विनियमांत परीक्षेला बसू न देणं, निकाल राखून ठेवणं, एक ते चार सत्रं रस्टिकेशन असं बरंच आहे, आणि नेमका कुणी केलं हे निघालं नाही तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणजे कोपऱ्यात बसून नुसता हसणाराही मोकळा नाही.

पण ज्याला खरंच ओळख करून घ्यायची आहे, त्याच्यासाठी चांगली रीत आहे, आणि ती अवघड नाही. वेळ संध्याकाळी पाच ते सात. जागा मेस, ग्राउंड किंवा कॅन्टीन. आधी सीनिअरने स्वतःचं सांगायचं: नाव, गाव, पहिल्या वर्षी कोणत्या विषयात केटी लागली, ती कशी सोडवली. मग ज्युनिअरला विचारायचं. स्कोर, प्रवर्ग, बापाची कमाई, गर्लफ्रेंड हे चार विषय बंद. ‘सर’, ‘मॅडम’ ऐवजी दादा, ताई किंवा नुसतं नाव चालतं. मान मिळवायचा असेल तर जुनी जर्नल्स, गेल्या वर्षीचे पेपर, कोणत्या ओरलला काय विचारतात, कपडे धुवायला कुठे स्वस्त पडतं, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना कोणता दाखला अडतो, हे सांगा. महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलच्या, फॉर्मवर अडकलेल्या मुलाला अर्धा तास दिलेला सीनिअर त्याला चार वर्षं लक्षात राहतो.

आपल्याच मित्राने एखाद्याला कोपऱ्यात घेतलेलं दिसलं तर भाषण द्यायची गरज नाही. त्या मुलाला तिथून उचला: ‘ए, चल माझ्याबरोबर, खाली ये जरा.’ मित्राशी नंतर, एकट्यात बोला. सगळ्यांसमोर टोकलं तर तो माघार घेत नाही, उलट जोर चढतो. नंतर त्या ज्युनिअरला भेटून विचारा, ‘ठीक आहेस का? तक्रार द्यायची असेल तर मी बघितलंय, मी सांगेन.’ माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं आणि केवळ माहिती दिली म्हणून त्याला त्रास होऊ द्यायचा नाही, असं विनियमच सांगतात.

रेक्टर आणि कॉलेजसाठी

कमिटी, स्क्वाड (अचानक फेरी मारणारं पथक), मेंटॉरिंग सेल हे सगळं विनियमांत आहे आणि बहुतेक कॉलेजांत कागदावर असतंही. फरक पडतो तो ते चालवण्याच्या पद्धतीने.

मेंटॉरचं प्रमाण सहा नवीन विद्यार्थ्यांमागे एक, आणि अशा सहा मेंटॉरवर एक वरचा मेंटॉर. इथे चूक अशी होते, की मेंटॉर म्हणून गॅदरिंगमधली पुढे-पुढे करणारी मुलंच नेमली जातात, आणि कधी कधी इंट्रो घेणारीही तीच असतात. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला असलेल्यांना चिठ्ठीवर विचारा, ‘तुम्हाला कुणाचा आधार वाटला?’ जी नावं पुन्हा पुन्हा येतील ती घ्या. पहिल्या महिन्यात मेंटॉरने आपल्या सहाही जणांना आठवड्यातून एकदा, प्रत्येकी निदान दहा मिनिटं वेगवेगळं भेटायचं. सहांना एकत्र बसवून ‘सगळं ठीक ना?’ विचारलं तर सहाही ‘हो’ म्हणतात.

पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी निनावी सर्वेक्षण घ्यायचं असतं. ते सीआरकडून (वर्गप्रतिनिधीकडून) गोळा करून घेतलं तर वाया गेलं. वर्गात, दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाने, दारं लावून घ्या. कागदावर नुसत्या बरोबरच्या खुणा करायच्या, अक्षर ओळखू येईल असं लिहायला लावू नका. फोनवरचा फॉर्म ठेवला तर त्यात ईमेल आयडी गोळा होण्याची सोय बंद केली आहे ना, ते आधी तपासा. ‘तुमच्यावर रॅगिंग झालं का?’ या प्रश्नाला कुणी हो म्हणत नाही. कृती विचारा: गेल्या पंधरा दिवसांत रात्री नऊनंतर कुणी खोलीत बोलावलं का? दुसऱ्याचं जर्नल, असाइनमेंट लिहिलं का? पैसे किंवा रिचार्ज द्यावा लागला का? जातीबद्दल, प्रवर्गाबद्दल कुणी विचारलं का? मेसमध्ये एखाद्या टेबलावर बसायला भीती वाटते का? हॉस्टेलमधली कोणती जागा टाळता? शेवटच्या प्रश्नासाठी हॉस्टेलचा साधा नकाशा छापून द्या आणि त्यावर फुली मारायला सांगा. एकाच जिन्यावर किंवा गच्चीच्या दारावर दहा-पंधरा फुल्या पडल्या, की दिवा कुठे लावायचा आणि राउंड कुठे घ्यायचा ते वेगळं शोधावं लागत नाही.

स्क्वाडच्या फेऱ्या ठरावीक वेळी होतात आणि वॉचमन आधीच शिट्टी मारतो, ही जुनी दुखणी आहेत. फेरी साडेदहा ते दीडच्या दरम्यान, वेगवेगळ्या वारी, दोन शिक्षकांनी मिळून घ्यावी. कॅपच्या शेवटच्या राउंडला आलेल्यांसाठी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं. बाकीचे रुळलेले असतात, तोवर हे नवखे येतात, आणि त्यांचं ओरिएंटेशन कुणी घेतच नाही.

नव्या मुलांना शक्यतो वेगळा ब्लॉक द्यावा. पहिल्या काही आठवड्यांत शिक्षकांनी आळीपाळीने मेसमध्ये जेवायला बसावं, हेही विनियमांत सुचवलेलं आहे. ताट घेऊन मुलांच्या रांगेत उभं राहा, वेगळ्या टेबलावर बसू नका. कोण एकटं जेवतंय, कुणाच्या ताटातून कोण उचलतंय, कोण भात संपायच्या आत उठून जातंय, हे तिथे वीस मिनिटांत दिसतं.

आणि नोटीस बोर्डावर लावायच्या याद्यांत नावापुढे प्रवर्ग छापणं बंद करा. शिष्यवृत्तीच्या यादीला अर्ज क्रमांक पुरतो. ‘एससी-एसटीच्या विद्यार्थ्यांनी उभे राहावे, फॉर्म राहिलेत’ असं भर वर्गात म्हणणारा कर्मचारी कुणाचं वाईट चिंतत नसतो, पण पुढच्या चार वर्षांची चिथावणी तो त्या मिनिटात देऊन जातो.

ग्रुपबद्दल थोडं. सीनिअर्स स्वतः ज्युनिअर्सचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढतात आणि तिथे हुकूम सोडतात: कोणते कपडे, केस किती, कुणाशी बोलायचं नाही. यूजीसीने असल्या ग्रुपमधून होणारा छळही रॅगिंगच धरायला सांगितलं आहे. वर्गाचा अधिकृत ग्रुप पहिल्याच दिवशी, मेंटॉर शिक्षक अॅडमिन असलेला, कॉलेजनेच काढावा, म्हणजे ‘नोटीस फक्त तिकडेच येतात’ म्हणून कुणाला त्या ग्रुपमध्ये राहावं लागत नाही.

घरच्यांसाठी

दर रविवारी येणारा फोन अचानक तुटक होतो. पैसे लवकर संपतात आणि हिशेब लागत नाही. केस एकाएकी बारीक कापलेले दिसतात. दिवाळीनंतर परत जायच्या आदल्या रात्री पोटात दुखतं. अशा वेळी ‘कुणी त्रास देतं का?’ असं सरळ विचारलं तर ‘नाही’ येतं. ‘रात्री जेवल्यावर काय करता तुम्ही लोक?’, ‘जर्नल पूर्ण झालं का, उशीर का झाला?’ असं विचारत जा. सांगायला लागला की मध्येच ‘तू उलट का बोलला नाहीस?’ म्हणू नका. तिथेच तो परत मिटतो.

मरणाचा विषय निघाला, वस्तू वाटून टाकल्या किंवा ‘आता सगळं संपवतो’ असा मेसेज आला, तर तो मित्र असो, मुलगी असो, त्या व्यक्तीला एक मिनिटही एकटं सोडू नका. शेजारी बसा, रेक्टरला तिथेच बोलवा, घरी कळवा, रुग्णालयात न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट चालतो आणि मराठीतून बोलता येतं. ‘कुणाला सांगू नकोस’ असं वचन घेतलेलं असलं तरी ते इथे मोडायचं.

तक्रारीचा निकाल लागला म्हणून फाइल बंद करू नका. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने कमिटीतल्या एकाने त्या विद्यार्थ्याला स्वतः गाठून तीन गोष्टी विचारायच्या: त्यांच्यापैकी कुणी निरोप पाठवला का, मेसमध्ये कोण बरोबर बसतं, आणि रात्री झोप लागते का. उत्तरं तारखेसह रजिस्टरमध्ये लिहायची, खाली त्याची सही घ्यायची. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर ती नवी तक्रार धरून सात दिवस पुन्हा मोजायला लागायचं.